अक्कांना कमी ऐकू येऊ लागलं तेव्हा

चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत मी नवा शिक्षक म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात शकुंतला अक्कांनी मला टोकलं. तिसरीतल्या रेखाला मी बाकावर उभं केलं होतं. मी ‘साप’ सांगावं, तिनं ‘ताप’ लिहावं. नाव पुकारलं तर गप्प. अक्का शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षिका. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, ही मुलगी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघते, मान एकाच बाजूला वळवते. पाठीमागे उभं राहून हाक मारून बघा. मी तीनदा मारली. रेखा फळ्यावरचं उतरवून घेत राहिली.

तिचे वडील केळीच्या बागेत कामाला. “पोर येडी शे, बाई,” एवढंच ते म्हणाले. अक्कांनी त्यांची समजूत घातली, रजा टाकली आणि बापलेकींना एस.टी.नं जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. रेखाला यंत्र मिळालं, ती शिकली. बोलणं मात्र अडखळतंच राहिलं. पहिली-दुसरीत ती अक्कांच्याच वर्गात होती. त्या दोन वर्षांबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही. पुढे दर जूनमध्ये त्या प्रत्येक मुलाच्या मागे उभ्या राहून हळूच नाव घेत.

निवृत्तीनंतर अक्का धुळ्याला मुलाकडे राहू लागल्या. मी अधूनमधून जायचो. टीव्ही मोठ्यानं चालू असायचा. सगळ्यांचं हसून झालं की त्या हसायच्या. फोनवर भलतंच उत्तर द्यायच्या. पुढे फोन घेणंच सोडलं. लग्नकार्याला येईनात. अक्कांना आता आपली किंमत नाही, असं आम्ही जुने सहकारी आपसांत बोललो. मीही बोललो. ही लक्षणं ज्यांनी मला शिकवली, त्यांच्यातच ती मला दिसली नाहीत. अखेर सुनेनं त्यांना तपासायला नेलं, तोवर काही वर्षं निघून गेली होती. आता यंत्रानं आवाज येतो, शब्द नीट उमगत नाहीत.

गेल्या महिन्यात मी त्यांच्यासमोर बसून, सावकाश बोलत माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माझं मलाही कळलं नाही, सर. वाटायचं, हल्ली माणसंच पुटपुटतात.” मग म्हणाल्या, “नंतर वाटलं, त्यांना माझ्याशी बोलायचंच नाही.”

अक्का पंच्याहत्तरीत प्रवेश करत आहेत. त्यानिमित्त ठेवलेल्या सत्काराच्या दिवशीची भाषणं त्यांच्यापर्यंत कितपत पोचतील, ठाऊक नाही. म्हणून लिहून ठेवतो. अक्का, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आम्हाला तुमच्याशी बोलायचं होतं. अजूनही आहे.