काठापासून पाण्यापर्यंत

अनुसयामावशी गेली ते मला वडवणीच्या स्टँडवर कळलं. तिलाच भेटायला निघाले होते. मावसभावाचा फोन आला, "ताई, आई गेली…" गाडी लागली, सुटली, तरी मी बाकावरच बसून होते. त्याला आता महिना होऊन गेला.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. सातवी शिकलेली, पण गावातल्या पाणीवापर संस्थेची सचिव. दर सोमवारी दोरीला दगड बांधून विहिरी मोजायची, आकडे वहीत लिहायची. मी तेव्हा भूजलाचा अभ्यास करत होते. त्या वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा आसपासच्या गावांच्या वह्या गोळा करून सगळे आकडे मी संगणकावर चढवले. एका वहीत रकान्याचं नाव 'पाणी', दुसरीत 'खोली', तिसरीत 'पातळी'. मी सरसकट 'पातळी' लिहून मोकळी झाले. त्याच तक्त्यावरून टँकरची यादी ठरली.

आठवड्याने मावशीने तक्ता पाहिला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "वरल्या वस्तीच्या हिरीत चाळीस फूट पाणी? मी परवाच गेलते. बूड दिसायलंय."

वस्तीवरचे लोक काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर लिहीत होते. बाकीची गावं बुडापासून पाण्याची उंची. त्यामुळे आटत आलेली विहीर माझ्या तक्त्यात सगळ्यांत भरलेली ठरली होती. वस्तीवर आठ दिवस टँकर गेलाच नव्हता.

"आत्ताच दुरुस्त करून पाठवते. कुणाला कळायचं नाही," मी म्हणाले.

"कावून कळू द्यायचं न्हाई? त्या बायांनी आठ दिस लांबून पाणी वाहिलंय. चल."

वस्तीवर चावडीपाशी उभी राहून मी माझी चूक सांगितली. कुणी रागावलं नाही. शेवंताबाई नावाची एक म्हातारी एवढंच म्हणाली, "आमाला वाटलं, आमीच कुनाला नको झालो…"

परतल्यावर मावशीने सगळ्या गावांच्या वही लिहिणाऱ्यांना संस्थेत बोलावलं. एकजण कुरकुरला, "आमी पहिल्यापासून खोलीच म्हनतो."

"बोलताना काय बी म्हना. वहीत समद्यांनी एकच नाव लिवायचं."

आणि प्रत्येक वहीत तिने स्वतः दोन रकाने आखून दिले : 'काठापासून पाण्यापर्यंत' आणि 'बुडापासून पाण्याची उंची'. पुढे मी मोठमोठ्या कामांवर राहिले. रकान्याला नाव देताना आजही आधी शेवंताबाईचं बोलणं आठवतं.

परवा संस्थेत जाऊन मावशीची शेवटची वही उघडली. आजारपणात तिला विहिरीवर जाता आलं नव्हतं. ते सोमवार तिने कोरे सोडले नव्हते, तिथे शून्यही घातलं नव्हतं; शून्य वाचून कुणी विहीर आटली समजलं असतं, कुणी काठोकाठ भरली. थरथरत्या अक्षरात तिने प्रत्येक ओळीत लिहिलं होतं, 'मोजलं नाही'… असे सात सोमवार. आठव्यापासून अक्षर दुसऱ्या कुणाचं आहे.