दोन राउटर आणि एक कालवड

आमचा नेटवाला आला की आधी म्हणतो, “झालंच समजा, काकू.” तीनदा समजलं मी! घरात एक राउटर, बाहेरचं नेट आधी त्यात येतं; तिथनं गोठ्यातल्या दुसऱ्यात. उसात बिबट्या फिरतोय, म्हणून गोठ्याचा कॅमेरा पुण्यातल्या लेकीला दिसायला हवा. हा दरवेळी गोठ्यातल्या राउटरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत बघायची वाट, उघडतो, घरातल्याचं राहतंच.

“आरं भाऊ, गोठ्याचं दार उघडलंस, वेस कोण उघडणार?”

“लई घाई बुवा तुमाला!” म्हणत तो घरातल्याचा पासवर्ड मलाच विचारतो. ठेवलेला त्यानंच!

परवा दिवस मावळला तरी लेक फोनवर म्हणत होती, “आई, नाय दिसत.” त्यानं लॅपटॉप मिटला, गोठ्यातली कालवड सोडली, आमच्या पडवीत बांधली आणि दावं दोनदा ओढून बघितलं.

सकाळी पडवीतलं शेण काढताना त्याला शिवी घालायला तोंड उघडलं, पण शिवी काही येईना.