जबाबातलं राहिलेलं वाक्य

मी चौथीपर्यंत शिकले, तेही भातकुलीजवळच्या आमच्या खेड्यात. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ उचलत नाही. हळदीकुंकवात उखाणासुद्धा मी पुटपुटतेच. आणि पोलिसांत जबाब द्यायला मलाच जावं लागलं.

अकोल्यात आमच्या समोरच्या घरी आपा राहतात. त्या ब्लाउज शिवतात, मी त्यांच्या गिऱ्हाइकांच्या साड्यांना फॉल लावते. मागच्या महिन्यात चौकात सभा झाली. बाहेरून आलेला एक माणूस माइकवर आपांच्या समाजाबद्दल वाटेल ते बोलला. आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. शेवटी त्याने लोकांना सांगितलं, या घरांचं काय करायचं ते. टाळ्या पडल्या. आपा काज करत होत्या, सुई तशीच धरून बसल्या.

त्यांनी तक्रार दिली. ज्यांनी मोबाइलवर घेतलं होतं ते द्यायला तयार नव्हते. दुसऱ्या कोणाचा जबाब नसेल तर तक्रार पडून राहील, असं ठाण्यात सांगितलं. मी जाते म्हटल्यावर घरी हे म्हणाले, "तुले काय करायचं आहे? आपल्याले याच गल्लीत राहायचं आहे."

"आपालेही याच गल्लीत राहायचं आहे," मी म्हटलं आणि आत गेले. 

दुपारी आम्ही दोघी ठाण्यात गेलो. तो जे बोलला ते जसंच्या तसं सांगा, असं हवालदार म्हणाला. आपा शेजारीच. ते शब्द त्यांच्यासमोर तोंडातून काढायचे कसे? मी हळूच म्हटलं, लिहून देते. त्याने कागद दिला. लिहून झालं तेव्हा वाटलं, सुटले.

जबाब वाचून दाखवतात, हे मला कुठे माहीत? त्याने संगणकावर उतरवून घेतलं आणि किराण्याची यादी वाचावी तसं सगळं मोठ्याने वाचलं. आपा खाली बघत ऐकत होत्या. मग तो थांबला.

"या तर शिव्या झाल्या, बाई. नुसत्या शिव्यायवर हे कलम टिकणं कठीण आहे. लोकायले काही करायले सांगतलं का त्यानं?"

ते वाक्य मी गाळलं होतं. लिहिताना लाज वाटली, हात पुढे गेलाच नाही. आपांनी माझ्याकडे पाहिलं.

"बोल दे बाई," त्या म्हणाल्या. "मैंने तो सुनाच है."

मी बोलले. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली, इतक्या मोठ्याने.

गुन्हा दाखल झाला. कोर्टात पुन्हा सांगावं लागेल, शब्द इकडचा तिकडे झाला तर त्याचा वकील धरेल, असं हवालदार म्हणाला. परत येताना ऑटोत आपा निळा दोरा संपल्याचं बोलत राहिल्या. मी हो हो म्हणत होते.

तेव्हापासून फॉल लावताना मी ते वाक्य घोकते. घरी कोणी नसलं की ओठांनी. आधी शब्दाशब्दाला अडकायचे. काल ते एका दमात आलं. मी सुई ठेवली, मोरीत जाऊन चूळ भरली. समोर आपांचं मशीन चालू होतं. आता घोकायचं नाही असं ठरवलं. थोड्या वेळाने वाटलं, विसरले तर? पुन्हा म्हणून पाहिलं.

या वहीत ते मी लिहिलेलं नाही.