पिनरच्या काकांचा डॉलर

आठवडाभर इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्ट करायचं आणि महिन्यातल्या एका रविवारी चर्चच्या हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं टेबल मांडायचं, असं माझं चार वर्षं चाललंय. जीव जडलाय तो अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरवर. तळहात भरून टाकणारं, चांगलं जड नाणं.

मागच्या वर्षी घरसामान विकणाऱ्या एका माणसाकडून मी सहा डॉलर एकदम घेतले. पहिला तपासला, अस्सल निघाला. बाकीचे पाच तसेच डबीत टाकले. लोकांच्या चुका शोधून पगार घेणारी मी, आणि नेमका तिथेच आळस केला.

पुढच्या रविवारी टेबलामागे उभी राहून मी नवऱ्याला फोनवर सांगत होते, "तू भात लाव, मी येतेच." समोरून जाणारे एक म्हातारे गृहस्थ थबकले.

"मराठी का तुम्ही?"

ते मुंबईचे ज्यू. तरुणपणी इकडे आले, आता लंडनच्या पिनर भागात राहत होते. बायको याच देशातली, मुलं इंग्रजीच बोलणारी. त्यांचे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते. युद्धाच्या काळात एका अमेरिकन खलाशाने त्यांना असाच एक डॉलर दिला होता.

"मला ताप आला की आई तो कपाळावर ठेवायची. थंडगार लागायचा. पुढे माझ्या इकडच्या तिकिटासाठी विकला."

काकांनी त्या डबीतला एक डॉलर उचलला, कपाळाला लावून पाहिला आणि घेतला. "मुंबईचं काही जुनं मिळालं तर कळवा," म्हणून फोन नंबरही देऊन गेले.

दोन आठवड्यांनी मी उरलेल्या डॉलरचे फोटो काढत होते. सहज म्हणून फ्रिजवरचं मॅग्नेट लावलं, तर दोन डॉलर त्याला चिकटले. चांदी चिकटत नाही. आत लोखंड, वर नुसता मुलामा. विकणाऱ्याचा फोन बंद. पण माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच होतं: काकांच्या कपाळावर लोखंड.

त्यांना फोन केला. त्यांना कमी ऐकू यायचं.

"अहो काका, तो डॉलर खोटा असू शकतो."

"हो, हो, शनिवारी या. जेवायलाच या."

शनिवारी एक खात्रीचा डॉलर आणि मॅग्नेट पर्समध्ये टाकून पिनर गाठलं. दार उघडताच मी सगळं सांगून टाकलं. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून डॉलर काढला. ते तो खिशातच ठेवत होते.

मॅग्नेट लावलं. चिकटलं नाही. तरी माझा विश्वास बसेना. काकूंनी केकचा वजनकाटा आणला. सत्तावीस ग्रॅम, हवं तेवढंच. मग डॉलर बोटाच्या टोकावर तोलून माझ्याजवळच्या डॉलरने हलकेच ठोकला. खऱ्या चांदीचा स्वच्छ, लांबलेला नाद खोलीभर फिरला.

काकूंनी टाळीच वाजवली. "Oh, that's lovely!"

"मला नाही ऐकू आला," काका म्हणाले. त्यांनी कानातलं मशीन नीट बसवलं. "पुन्हा वाजवा."

मी पुन्हा वाजवला. मग आणखी एकदा.

"खरा आहे, काका. अगदी खरा."

"मग रडताय कशाला?"

मी रडत होते हे मला तोवर कळलंच नव्हतं. जेवताना काकूंनी माझ्या ताटात आणखी बटाटे वाढले आणि मी ते सगळे संपवले. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच मला भूक लागली होती.

परतताना ट्रेनमध्ये इतकी गाढ झोप लागली, की बेसिंगस्टोक कधी गेलं ते समजलंच नाही. जाग आली ती थेट विंचेस्टरला. नवऱ्याला फोन केला, तर तो वैतागला. मी मात्र प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर पाय पसरून, हातात गरम चहा घेऊन, उलट दिशेच्या गाडीची आरामात वाट पाहत बसले.