करपलेला पाक

गुळाचा पाक लालसर होऊ लागला, की लोणावळ्याच्या चिक्की कारखान्यातली ती दुपार आठवते. कित्येक महिने माझी पाठ दुखत होती, जेवण जात नव्हतं, एक्स-रेत काही निघत नव्हतं. त्या दुपारी कढईसमोर उभी असूनही माझा पाक करपला. शेंगदाणे पाखडणारी मावशी धावत आली. “अगं, धूर झाला! वास न्हाई आला तुला?” “न्हाई.” तिनं गॅस बंद केला. “हे पाठीचं दुखणं न्हाई. माझ्या लेकीचंबी असंच झालतं. मनाच्या डॉक्टरकडं जाऊ, मी येते.” औषधं वर्षभर चालली, आधी भूक परतली, मग पाठ मोकळी झाली, शेवटी गुळाचा वास आला. आता नव्या बायकांना पाक मीच शिकवते: खरपूस वास आला की गॅस बंद. आणि आलाच नाही, तर कढई राहू द्या, आधी मला सांगा.