पाठीचा टेकू

लातूरच्या एका माणसाकडून मी बेस गिटारसाठी स्पीकरचा डबा बनवून घेतला. त्याचं नाव विचारावंसं कधी वाटलं नाही. दुसऱ्यानं बनवलेला डबा दिसला की तो बोटानं ठोकायचा आणि तोंड वाकडं करायचा. "हे खोकं हाय. कांदे भरा ह्याच्यात." स्वतः मात्र जुन्या दिवाणाची प्लाय कापून, फटींत पुट्टी भरून वर काळा रंग फासायचा. सांध्यांना गोंद लावा म्हटलं, तर म्हणाला, "सर, तुमी गिटार वाजवा. डब्याचं मला शिकवू नका."

चाकूरला आमचा भीमगीतांचा कार्यक्रम होता. हा पाहुण्यासारखा पुढच्या खुर्चीत बसलेला. दुसऱ्याच गाण्यात डब्याची मागची फळी सुटली आणि बेसचा सूर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा वाजू लागला. गायिका माझ्याकडे रागानं बघायला लागली. तेवढ्यात हा स्टेजवर चढला. मला वाटलं, माफी मागेल.

"तारा बदला तुमच्या," तो म्हणाला. "लई जुन्या झाल्यात."

मग डब्यामागं बसला आणि फळीला पाठ लावून कार्यक्रम संपेपर्यंत हलला नाही. खडखड थांबली, पण प्रत्येक सुराला त्याचे गाल थरथरत होते. शेवटी टाळ्या पडल्या, तेव्हा आमच्या आधी त्यानंच उठून हात जोडले.

"बघा," मला म्हणाला, "डबा चांगला असला की कुणी बी बरं वाजवतंय."

मी गिटार पिशवीत भरली. तो एका हातानं पाठ चोळत लोकांचे नमस्कार घेत होता.