सव्वापाचची चापट

माझी मावशी चतुराबाई करमाडला खानावळ चालवते. शेंद्र्याच्या कंपन्यांतले कितीतरी कामगार तिच्या हातची भाकरी खाऊन ड्युटीला जातात. तीस वर्षं भाकऱ्या थापणारा तो हात जन्मात एकदाच माणसावर उठला, आणि तेव्हापासून आम्ही संभाजीनगरच्या कोर्टात खेटे घालतोय.

दोन वर्षांपूर्वी तिची एकुलती एक लेक तनुजा शहरातल्या एका खासगी दवाखान्यात बाळंत झाली. बाळ ठणठणीत. पण दुपारी दोनपासून तनुजाचं रक्त थांबेना. मावशी आणि मी नर्सच्या अक्षरशः पाया पडलो. "डॉक्टर येतायत," एवढंच. पाच वाजता तनुजा गेली. मग डॉक्टर उगवला, आणि मावशीनं त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली.

आता कायद्याची तऱ्हा बघा! चापटीचा गुन्हा तासाभरात नोंद. पोरीला शेवटची अंघोळसुद्धा घातली नव्हती, तोवर आईला पोलीस घेऊन गेले. आणि तनुजाचं? "सरकारी डॉक्टरांच्या समितीनं कळवल्याशिवाय डॉक्टरवर गुन्हा घेता येत नाही." समितीनं कळवायला चौदा महिने लावले. काय कळवलं? दवाखान्याच्या कागदांप्रमाणं डॉक्टर दोनपासून पेशंटजवळच होते, सबब हलगर्जी दिसत नाही. जवळच होते म्हणे! मग आम्ही काय तिथं झोपा काढत होतो? माझं टाळकंच सणकलं.

गेल्या सोमवारी चापटीच्या केसची तारीख होती. कोर्टाबाहेरच्या बाकड्यावर मोईन वकील मावशीला समजावत होते, "जज विचारतील, गुन्हा कबूल आहे का. नाही म्हणायचं. साक्षीदार सगळे दवाखान्यातलेच, टिकणार नाहीत. तुम्ही सुटाल." मग त्यांनी डॉक्टरची फिर्याद वाचायला घेतली. "सव्वापाच वाजता मी गाडीतून उतरून दवाखान्यात शिरत असताना सदर महिलेने..."

"थांबा," मावशी म्हणाली. "ते परत वाचा."

वकिलांनी परत वाचलं आणि 'सव्वापाच'वर बोट ठेवलं.

"हे त्यानंच लिवून दिलंय?"

"हो. खाली सही आहे."

"मंग दोनपासून माझ्या पोरीजवळ कोण व्हतं?"

दोन वर्षं तो कागद आमच्याच पिशवीत होता! मावशीला वाचता येत नाही, पण मला येतं ना? मारहाणीचा कागद म्हणून मी कधी उघडलाच नाही. स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

"हे आपण नक्की वापरू," वकील म्हणाले. "पण आज नाहीच म्हणा, चतुराबाई. कबूल केलं तर शिक्षा लागेल."

"मी मारलंच नाय म्हणलं, तर त्याचं सव्वापाचला येणं बी खोटं पडंल. व्हऊ द्या शिक्षा."

"मावशी, ऐक गं!" मी हात जोडले. "घरी ती दोन वर्षांची नात आहे. तुला आत टाकलं तर तिला कोण बघील?"

"तू हाईस की," म्हणत ती पदर खोचून आत गेली.

जजसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"मारलं साहेब. डाव्या गालावर. तो गाडीतून उतरून आत येत व्हता, सव्वापाच वाजता. माझी तनुजा पाचलाच गेली व्हती. दोन्ही लिवून घ्या."

टाइप करणाऱ्या बाईंनी मान वर केली. "किती वाजता म्हणालात?"

मावशी आणखी मोठ्यानं म्हणाली, "सव्वापाच."